आचाऱ्याला मी सांगितलेला सिनेमा

सन दोन हजार सात. मला तेव्हा अडुसष्ट वर्षं झाली होती, दात सगळे माझेच होते आणि कुणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती. ती आजही नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना 'म्हातारा हट्टी दिसतो' असा शोध कुणी लावायला नको.

शिक्षण चौथी. पाचवीत आठ दिवस बसलो, मास्तरांशी पटलं नाही, उठलो. एकविसाव्या वर्षी मद्रासला आलो, रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागलो आणि मिस्त्री होऊन बाहेर पडलो. माझ्या हातून गेलेल्या डब्याचा दरवाजा कधी कुणाला लाथ घालून लावावा लागला नाही. बायको गेल्यावर मी मुलाकडं मद्रासलगतच्या तांबरमला राहायला आलो. मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत. सून पहिल्या बाळंतपणाला पुण्याला माहेरी गेलेली. घरात आम्ही दोघे पुरुष, आणि दोघांनाही चहापलीकडं काही करता येत नव्हतं.

मला इंग्रजी येतं अशी ओळखीत सगळ्यांची समजूत होती. येत नाही असं मी कधी म्हटलं नव्हतं, एवढंच. कारखान्यात स्पॅनर, गेज, टाइट, लूज, रिजेक्ट एवढ्यावर माझी सदतीस वर्षं निघाली. निवृत्तीनंतर रोज सकाळी तांबरम स्टेशनाबाहेरच्या बाकावर इंग्रजी पेपर उघडून बसायचो. फोटो बघायचो, क्रिकेटचे आकडे बघायचो आणि पान उलटायच्या आधी जरा मान हलवायचो. त्यात कुणाचं नुकसान नव्हतं.

त्याच बाकावर मला आचारी भेटला. तंजावरचा मराठी माणूस, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, जन्मभर लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक केलेला. घरात दोनशे वर्षांपूर्वीचं मराठी बोलत आलेले हे लोक. पहिल्यांदा तो मला म्हणाला, "अण्णा, मज थोडी जागा देतोस?" तेव्हा मला वाटलं, किल्ल्यावरून कुणी खाली उतरून आलंय. मधेच तमिळ घालायचा, सूर तर सगळा तमिळच. मी त्याला आचारी म्हणायचो, तो मला अण्णा. सहा वर्षं आम्ही एका बाकावर बसलो आणि सहा वर्षं भांडलो. माझ्यासारख्या माणसाचा तोच एक मित्र झाला, कारण बाकी कुणी इतकं टिकत नाही.

आता मुख्य गोष्ट. आचाऱ्याचा एकुलता एक मुलगा तुरुंगात होता. चहाच्या टपरीवर पिऊन मारामारी केली, समोरच्याचं डोकं फुटलं, तो माणूस महिन्याभरानं दवाखान्यातच वारला. सात वर्षांची सजा लागली. मुलगा आत गेल्यापासून चौदा महिने झाले होते आणि आचारी एकदाही त्याला भेटायला गेला नव्हता.

गेला नव्हता, कारण मी जाऊ नको म्हणालो होतो.

आमच्याकडं अबोला नावाची चीज असते. नुसता राग नव्हे. राग कुणीही धरतो. अबोला धरायला पाठीचा कणा लागतो. आईच्या तांब्याच्या हंड्यावरून मी माझ्या सख्ख्या भावाशी एकोणीस वर्षं अबोला धरला. एका लग्नात एका पंगतीत शेजारी बसलो, तरी मीठ मागितलं नाही. याचा मला अभिमान होता, उगाच लपवत नाही. म्हणून आचारी पहिल्या महिन्यात बाकावर रडायला लागला, तेव्हा मी त्याला सरळ सांगितलं, "चूक कुणी केली? त्यानं. मग बापानं का जायचं? त्याला आधी माफी मागू दे. ताठ राहा." तो ताठ राहिला. मुलाची पत्रं यायची, तो ती वाचायचा, घडी घालून कमरेला खोचायचा आणि उत्तर धाडायचा नाही. मी म्हणायचो, "शाबास."

एका शुक्रवारी त्यानं नवं पत्र बाकावर मला वाचून दाखवलं. तमिळ मला बोलता येतं, अक्षरं फक्त बसच्या पाटीपुरती. पत्र चार ओळींचं. येत्या बुधवारी काही कैद्यांना कोइंबतूरच्या तुरुंगात हलवणार आहेत, त्यात माझं नाव आहे. सोमवारी सकाळी भेटीचे अर्ज घेतात. यायचं असेल तर ये, अप्पा. नाही आलास तर मी समजून घेईन.

आचाऱ्याचे दोन्ही गुडघे गेलेले. आमच्या घराचे दोन जिने चढताना तीनदा टेकायचा. कोइंबतूर म्हणजे रात्रभराचा प्रवास. एवढं मलाही कळत होतं की आता नाही तर पुढची पाच-सहा वर्षं नाही, आणि आचाऱ्याकडं बघून पाच-सहा वर्षांचं काही सांगवत नव्हतं.

"काय करूं, अण्णा?" त्यानं विचारलं.

आणि मी म्हणालो, "पत्रात माफी कुठाय? चौदा महिने ताठ राहिलास, आता चार ओळींसाठी वाकणार?"

तो "सरि" म्हणाला. तमिळमध्ये सरि म्हणजे बरं. पत्र कमरेला गेलं.

हे मी का बोललो याचं कारण मला आजही धड देता येत नाही. एक गोष्ट चौदा महिने धरून ठेवली की ती सोडायला हातच उघडत नाहीत. पण शुक्रवारी रात्री मला जेवण गेलं नाही आणि शनिवारी पेपर उघडावासा वाटला नाही. वैताग कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून मुलावर काढला.

मुलानं त्या सुमारास माझं डोकं उठवलं होतं. त्याच्या ऑफिसातल्या पोरांनी एका इंग्रजी सिनेमाची सीडी फिरवत ठेवली होती, तुरुंगातला सिनेमा, जुना, गाजलेला. ती आमच्या घरी आली ती जाईचना.

"बाबा, हा नाही बघितला तर काय बघितलं तुम्ही!"

"मी पुष्कळ बघितलंय."

"दोन कैद्यांची दोस्ती आहे हो. आशा म्हणजे काय असते ते कळतं माणसाला."

"ते कळायला मला कैद्यांची गरज नाही. रेल्वेत बढतीची वाट बघितलेला माणूस आहे मी."

"तुम्हाला इंग्रजी येतं म्हणून तर म्हणतोय. खाली अक्षरं पण येतात."

अक्षरं येतात. आता काय बोलायचं याला!

सून नसल्यामुळं रविवारी आचारी आमच्याकडं यायचा आणि दुपारचा स्वयंपाक करायचा. त्याची लग्नाची कामं मुलाच्या भानगडीनंतर बंदच पडली होती, हात सुरसुरायचे. त्या रविवारी रसम, भात, कोबीची भाजी असं जेवण झालं, हात धुतले, आणि मुलगा म्हणाला, "काका, आज तुम्ही पण बसा. सिनेमा लावतो. तुरुंगाचा आहे, भारी आहे."

आचाऱ्याचा मुलगा कुठं आहे हे माझ्या मुलाला ठाऊक नव्हतं. आचाऱ्यानं कुणाला सांगू नको म्हटलं होतं आणि मी पोटात ठेवलं होतं. मी पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर येत नाही. आता तीच माझ्या घशाशी आली. सिनेमा नको म्हणावं तर का नको ते सांगावं लागणार. मी म्हटलं, "आचाऱ्याला इंग्रजी येत नाही."

"तुम्ही सांगा ना त्यांना मराठीत," मुलगा म्हणाला.

मी म्हटलं, "मला झोप आलीय."

"बाबा, तुम्ही दुपारी कधी झोपता?"

मी आचाऱ्याकडं बघितलं. मला वाटलं, तो म्हणेल, मी जातो. तर हा गृहस्थ सोफ्यावर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "तुरुंग मज कधी आंतून दिसला नाही. लाव."

सीडी सुरू झाली. पाच मिनिटं मुलगा आमच्याबरोबर बसला आणि त्याचा फोन वाजला. ऑफिसातलं काहीतरी बंद पडलं होतं. रविवारी दुपारी! आमच्या कारखान्यात रविवारी बंद पडलेलं सोमवारपर्यंत बंदच राहायचं आणि देश चालत होता. तो आतल्या खोलीत गेला, दार लावून घेतलं, आणि मी, आचारी आणि ती इंग्रजी अक्षरं एवढे उरलो.

"काय बोलतो तो, अण्णा?"

"थांब. अजून काही बोलला नाही."

"तोंड हलतंय की."

"ते नुसतं नाव-गाव सांगतोय."

सिनेमा असा होता, निदान मला दिसला तो. एक तरुण माणूस आत येतो, अंगावर चांगले कपडे, ते काढून घेतात. एक म्हातारा कैदी तिथं आधीपासून मुरलेला. तरुण जेवत नाही. म्हातारा आपल्या पावाचा अर्धा तुकडा त्याच्याकडं सरकवतो आणि दुसरीकडं बघतो. एवढं समजायला इंग्रजी लागत नाही. पण आचाऱ्याला पुरेना.

"त्यानं काय केलं म्हणून आंत घातलं?"

"चोरी."

"बंदूक दाखवली की मघाशी."

"बंदुकीची चोरी."

"अय्यो. एवढे लोक आणि एकच पातेलं? तळाशी लागलं असणार. बघ, बघ, तो वाढपी कसा ढवळत नाही. वरचं पाणी पहिल्यास, खालचं जळकं शेवटल्यास. असा माणूस मी पंगतीत ठेवला नसता."

"आचारी, सिनेमा बघ."

"बघतोंच. जेवण असंच असतं काय रे आंत?"

  मी त्याचं लक्ष दुसरीकडं वळवायला म्हणून तुरुंगाच्या लोखंडी दारावर बोललो. बिजागऱ्या खोट्या होत्या, एवढ्या वजनाचं दार तीन बिजागऱ्यांवर राहणार नाही, हे कुणीही मिस्त्री सांगेल. आचाऱ्यानं ऐकलं नाही.

मग तो भाग आला. तुरुंगात भेटीचा दिवस. एक लांब बाक. तरुण कैदी केस ओले करून, भांग पाडून, शर्टाची वरची गुंडी लावून बाकावर येऊन बसतो. एकेकाचं नाव पुकारलं जातं, एकेक उठून जातो. बाक रिकामा होतो. हा तसाच बसलेला. पुढच्या वेळी पुन्हा तेच. पुन्हा भांग, पुन्हा गुंडी. तिसऱ्या वेळी तो म्हातारा कैदी येतो आणि त्याच्या शेजारी बसतो. त्यालाही कुणी भेटायला येणारं नसतं. नुसता बसतो. दोघे समोर बघत राहतात. कुणी काही बोलत नाही, त्यामुळं खाली अक्षरंही नव्हती.

आचारी पुढं सरकून बसला होता. त्याच्या हातात माझी विड्याची डबी होती, तिचं झाकण तो उघडत होता आणि मिटत होता. मला तो आवाज सहन होईना.

"अण्णा, कुणाची वाट बघतो हा?"

मला काय ठाऊक! ते आधी बोलण्यात येऊन गेलं असणार. बायकोची असेल, वकिलाची असेल, काहीही. मी काहीही सांगू शकत होतो. तासभर मी काहीही सांगतच होतो.

"बापाची," मी म्हणालो.

झाकणाचा आवाज थांबला.

"बाप कां येत नाही?"

इथं मी तोंड मिटायला हवं होतं. पण शुक्रवारपासून जे आत अडकलं होतं, ते बाहेर यायला बहुतेक हीच वाट शोधत होतं. मी पडद्याकडंच बघत म्हणालो, "कुणीतरी त्याला जाऊ नको म्हणून सांगितलंय."

"कोणी?"

"तो सिनेमात दाखवला नाहीये."

आचाऱ्यानं डबी सोफ्यावर ठेवली. मग म्हणाला, "मूर्ख असेल."

"असेल."

"मोठा मूर्ख."

"असेल म्हटलं ना!"

तो उठला, गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत, आणि स्वयंपाकघरात गेला. रसमचं पातेलं घासायला लागला. आधीच घासलेलं होतं. सिनेमा पुढं चालू राहिला. त्या दोघांची दोस्ती कशी वाढली, पुढं काय झालं, कोण सुटलं, कोण नाही, हे मी बघितलं नाही. पडदा समोर होता, पण माझे कान घासण्याच्या आवाजाकडं होते.

मुलगा आतून आला तेव्हा शेवटची नावं वर सरकत होती. डोळे चमकत होते त्याचे. "काय बाबा? म्हटलं नव्हतं? तो बाकावरचा सीन कसा वाटला?"

"ठीक."

"ती शेवटपर्यंत येत नाही ना हो. मला तर दर वेळी वाटतं, या खेपेला येईल."

"कोण ती?"

"त्याची बायको. तो बायकोची वाट बघत असतो ना. त्याचा बाप तर आधीच मेलेला असतो, तो म्हाताऱ्याला सांगतो तसं. बाबा, तुम्ही बघितला ना नीट?"

स्वयंपाकघरातला आवाज बंद पडला होता. आचारी दारात उभा होता, हाताला फेस लागलेला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मुलाकडं, आणि म्हणाला, "चांगला सिनेमा आहे, तंबी. मी येतों आता." तमिळमध्ये धाकट्याला तंबी म्हणतात.

मी चपला घालून त्याच्या मागं जिना उतरलो. पहिल्या वळणावर तो टेकला. मी दोन पायऱ्या वर उभा राहिलो.

"तुज इंग्रजी येत नाही," तो म्हणाला.

अडुसष्ट वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. ती बिचारी परदेशातून आलेल्या औषधाच्या बाटलीवरचं माझ्याकडून वाचून घ्यायची आणि मी मनानं सांगायचो. सुदैवानं काही झालं नाही.

"नाही," मी म्हणालो. "अक्षरसुद्धा नाही."

"मज ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. पेपर वाचणारा माणूस एवढ्या लवकर पान उलटत नाही."

"मग सहा वर्षं बोलला का नाहीस?"

"तूं इतक्या झोकांत बसायचास," तो म्हणाला. "कशास मोडायाचं?"

आता याच्यावर माणसानं काय करावं? मला त्याला जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं. मी म्हटलं, "आणि मी जाऊ नको म्हणालो, ते का ऐकलंस? ज्याला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक, त्याचं ऐकून चौदा महिने बसलास?"

"इंग्रजी येत नाही म्हणून अक्कल नसते काय?"

"नव्हती! दिसतंय ना तुला!"

माझा आवाज चढला. खालच्या मजल्यावरच्या बाईनं दार उघडून बघितलं आणि पुन्हा लावून घेतलं. आचारी पायरीवर बसला. 

"खरं सांगूं? मज भीती वाटत होती. जाळीपलीकडे लेकास बघूं कसा? काय बोलूं? मज जायाचंच नव्हतं, अण्णा. तूं म्हणालास, ताठ राहा. माझ्या भीतीस चांगलंसं नांव मिळालं. म्हणून ऐकलं."

"आणि आता?"

"अत्ताही तेंच. माझ्याने होणार नाही."

"सोमवार उद्या आहे."

"ठाऊक आहे."

"बुधवारी त्याला नेणार."

"ठाऊक आहे म्हटलं ना! तूं शुक्रवारीं काय बोललास? आज काय बोलतोस? माणूस एक कांहीं बोलतो!"

बरोबर होतं त्याचं. मला त्याचाच जास्त राग आला. मी म्हटलं, "हे बघ आचारी. माझा भाऊ एकोणीस वर्षं माझ्याशी बोलला नाही, मी त्याच्याशी नाही. मी फार शहाणपणा सांगत आलो तुला त्याचा. तो गेल्याची तार उशिरा मिळाली, मी निघालो, तेराव्याला पोचलो. ते लोक मला तो हंडा देत होते. घे म्हणाले. मी त्या हंड्यात काय भरू, सांग. हे तुला सहा वर्षांत सांगितलं नाही मी. आता सांगतोय. उद्या पहिली मिळेल ती गाडी. मी स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीपाशी उभा असेन. येऊ नकोस. तुझी मर्जी."

"नाहींच येणार," तो म्हणाला आणि कठड्याला धरून खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंधार होता तेव्हा मी स्टेशनवर पोचलो. आचारी खिडकीपाशी आधीच उभा होता. खांद्याला पिशवी, पिशवीत तीन ताळी डबा, कपाळाला ओलं गंध.

"किती उशीर?" तो मला म्हणाला. मला!

"डब्यात काय आहे?"

"लिंबूभात."

"आत घेऊ देणार नाहीत."

"बापाच्या हातचा आहे म्हणून सांगतों."

मद्रासच्या एग्मोर स्टेशनापर्यंत लोकल, पुढं बस. बसमध्ये तीन वेळा तो उतरायला उठला आणि तीन वेळा मी त्याला सदऱ्याला धरून बसवला. कंडक्टरला वाटलं, आम्ही भांडतोय. भांडतच होतो. शहराबाहेर नव्यानं बांधलेल्या तुरुंगाच्या फाटकापाशी झाडाखाली दीडशे-दोनशे माणसं रांगेत. बाया, तान्ही पोरं, म्हातारे. आचारी अर्जावर कैद्याशी नातं लिहायच्या जागी पेन धरून थांबला. मागचे लोक ओरडायला लागले. मी म्हटलं, "अप्पा लिही. तमिळमध्ये अप्पा लिहिता येतं ना?" त्यानं लिहिलं. मग म्हणाला, तू पण ये, एकट्याने माझ्याने होणार नाही. माझ्या नात्याच्या जागी त्यानंच 'मोठा चुलता' असं लिहून टाकलं, विचारलं नाही.

डबा अर्थातच आत घेतला नाही. शिपायानं नम्रपणे सांगितलं, यानं तीन वेळा हुज्जत घातली. शेवटी तो बाहेर एका ओळखीपाळखीच्या नसलेल्या बाईकडं ठेवला.

आत एक लांब खोली. मधे जाळी, मग एक हात मोकळी जागा, मग दुसरी जाळी. या बाजूला तीस माणसं, त्या बाजूला तीस, आणि सगळे एकाच वेळी ओरडतात, कारण शेजारचा ओरडतोय. कारखान्यात रिव्हेट मारायच्या खात्यात मी वर्षं काढली, तिथं यापेक्षा बरं ऐकू यायचं. मुलगा पलीकडं आला. मी त्याला शेवटचा बघितला तेव्हा गुबगुबीत होता. आता गालफडं दिसत होती. बापाला बघून तो जागच्या जागी थांबला.

आणि दोघेही बोलेनात.

आचारी जाळीला धरून उभा. मुलगा पलीकडच्या जाळीला धरून उभा. आजूबाजूला नुसता कालवा. मिनिटं चालली होती. शिपाई घड्याळ बघत होता. मी म्हटलं, आता बोलेल, आता बोलेल. आचाऱ्याची हनुवटी हलायची आणि शब्द नाही. मुलानं मान खाली घातली. मला दिसायला लागलं की हे दोघे असेच उभे राहणार, वेळ संपणार, आणि बुधवारी त्याला घेऊन जाणार.

मी आचाऱ्याला बाजूला सारलं आणि जाळीला तोंड लावून, असेल नसेल तेवढा आवाज काढून ओरडलो, "अरे, मी तुझ्या बापाला येऊ दिलं नाही! मी! तो कमरेला पत्रं खोचून रडत बसायचा माझ्याशेजारी, आणि मी नको जाऊ म्हणायचो! त्याचा काही दोष नाही! आता बोला की दोघे, पाय दुखतायत माझे!"

शेजारच्या सात-आठ माणसांनी माझ्याकडं बघितलं. शिपाई म्हणाला, "पेरियवरे, हळू," म्हणजे आजोबा, हळू. पलीकडं मुलानं तोंडावर हात ठेवला. तो हसतोय की रडतोय ते जाळीतून कळत नव्हतं. मग त्यानं काहीतरी विचारलं. आचारी ओरडला, "काय?" त्यानं पुन्हा विचारलं. "हां, हां, गुडघे तसेच आहेत! तूं जेवतोस काय?"

मी मागं सरलो, भिंतीला हात टेकला आणि त्या दोघांकडं पाठ करून उभा राहिलो.